ओटो हुप (१८५९–१९४९) : कुलचिन्हकार आणि संशोधक – एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

इतिहासलेखनात लिखित साधनांना जे अग्रस्थान लाभले आहे, ते चित्रसाधनांच्या वाट्याला सहसा येत नाही. मुद्रा, ध्वज, ढाली, बिरुदे यांचा उल्लेख इतिहासग्रंथांत होतो; परंतु तो बहुधा सजावटीपुरता किंवा परिशिष्टापुरता असतो. युरोपात मात्र अशा चिन्हांचा अभ्यास करणारी एक स्वतंत्र विद्याशाखा मध्ययुगापासून विकसित होत गेली. ‘हेरल्ड्री’ या नावाने ती ओळखली जाते. मराठीत तिला कुलचिन्हविद्या म्हणता येईल. महाराष्ट्रातील वाचकाला तिचे दर्शन संस्थानिकांच्या राजचिन्हांतून किंवा मुंबई महानगरपालिकेच्या ढालीच्या घडणीच्या चिन्हातून घडलेले असते. १८७७ च्या दिल्ली दरबारात हिंदुस्थानातील संस्थानिकांना युरोपीय धर्तीची कुलचिन्हे असलेले ध्वज देण्यात आले होते. तथापि या चिन्हांमागे एक नियमबद्ध शास्त्र आहे आणि त्या शास्त्राचा स्वतःचा असा इतिहास आहे, याची जाणीव आपल्याकडे अल्प प्रमाणात आढळते.

या विद्येच्या आधुनिक इतिहासात जर्मन कलावंत ओटो हुप यांचे स्थान महत्त्वाचे आहे. कुलचिन्हे रेखाटणारा कलावंत आणि कुलचिन्हांचा अभ्यास करणारा संशोधक या दोन्ही भूमिका त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ पार पाडल्या. प्रस्तुत निबंधात त्यांच्या जीवनकार्याचा परामर्श घेतला असून, पुढील प्रश्न केंद्रस्थानी ठेवला आहे : रेखाटणाऱ्या हाताला आणि सरावलेल्या डोळ्याला जे ज्ञान होते, ते इतिहासाचा पुरावा म्हणून कितपत ग्राह्य मानावे? हुप यांच्या कार्यात या ज्ञानाचे सामर्थ्य जसे दिसते, तशी त्याची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे दिसते.

१. कुलचिन्हविद्येची पार्श्वभूमी

इसवी सनाच्या बाराव्या शतकात, विशेषतः त्याच्या दुसऱ्या चरणापासून, पश्चिम युरोपातील सरदारवर्गात ढालीवर निश्चित चिन्ह धारण करण्याची प्रथा रूढ होऊ लागली. शिरस्त्राणाने चेहरा झाकलेल्या योद्ध्याची ओळख रणांगणावर व द्वंद्वक्रीडेत पटावी, हा तिचा व्यावहारिक हेतू होता. हळूहळू हे चिन्ह वंशपरंपरेने बापाकडून मुलाकडे जाऊ लागले. पुढे स्त्रिया, धर्मपीठे, नगरे, कारागिरांच्या श्रेणी आणि विद्यापीठे यांनीही ते स्वीकारले. या प्रक्रियेचा सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे दस्तऐवजांना लटकवलेल्या मेणाच्या मुद्रा होत. कारण दस्तऐवजावर तारीख असते आणि त्यामुळे मुद्रेवरील चिन्हाचा काळ ठरवता येतो.

या विद्येची रंगयोजना मोजकी आहे. सोने व रुपे हे दोन ‘धातू’ आणि तांबडा, निळा, काळा, हिरवा व जांभळा हे प्रमुख ‘रंग’ होत. धातूवर धातू किंवा रंगावर रंग चढवू नये, हा तिचा मूलभूत नियम होय. पिवळ्यावर पांढरे किंवा निळ्यावर काळे दुरून ओळखू येत नाही, हे त्याचे साधे कारण आहे. पुढे मुद्रणाच्या काळात एकाच शाईने रंग दाखवण्याची अडचण उद्भवली. तेव्हा रेघा व ठिपके यांच्या साहाय्याने रंग सूचित करण्याची पद्धत रुळली. सिल्व्हेस्टर पेट्रा सांक्टा या जेझुइट विद्वानाने १६३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे तिला सर्वमान्यता लाभली.

कलेच्या दृष्टीने आणखी एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. कुलचिन्हाचे प्रमाणभूत रूप चित्र हे नसून शब्द हे असते. ‘निळ्या ढालीवर सोनेरी सिंह’ एवढे वर्णन कायम राहते. तो सिंह कसा काढावा याचे स्वातंत्र्य कलावंताला असते. रागाचे स्वर व चलन ठरलेले असूनही प्रत्येक गवयाची मांडणी निराळी असावी, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे कुलचिन्हकाराला दोन जबाबदाऱ्या एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. वर्णनाशी त्याला तंतोतंत प्रामाणिक राहावे लागते आणि तरीही आकृती सजीव करावी लागते.

सतराव्या-अठराव्या शतकांत प्रत्यक्ष ढालीचा वापर संपुष्टात आला आणि कुलचिन्ह कागदावरच उरले. चिन्हांची गर्दी वाढली. ढालीवर निसर्गदृश्ये आणि नावांची आद्याक्षरे अवतरली. नकलेवरून नक्कल करताना पक्षी, प्राणी व वनस्पती यांची रूपे ओळखू येईनाशी झाली. जर्मन अभ्यासकांनी या अवस्थेला ‘कागदी कुलचिन्हविद्या’ असे उपरोधिक नाव दिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्याविरुद्ध प्रतिक्रिया सुरू झाली. बर्लिन येथे १८६९ मध्ये ‘हेरोल्ड’ आणि व्हिएन्ना येथे १८७० मध्ये ‘आडलर’ या अभ्यासमंडळांची स्थापना झाली. मूळ मुद्रा, समाधिशिला व मध्ययुगीन चिन्हपट यांचा शोध घेण्यात येऊ लागला. आडोल्फ माथियास हिल्डेब्रांट (१८४४–१९१८) आणि ह्यूगो गेरार्ड श्ट्रोल (१८५१–१९१९) हे या पुनरुज्जीवनाचे प्रमुख मानकरी होत. ओटो हुप हे त्याच पिढीचे, किंबहुना तिच्या उत्तरभागाचे प्रतिनिधी ठरतात.

२. जीवनपट

ओटो हुप यांचा जन्म २१ मे १८५९ रोजी ऱ्हाईन नदीकाठच्या ड्युसेलडॉर्फ या नगरात झाला. त्यांचे वडील व्यवसायाने कोरीव ठसे करणारे कारागीर होते. धातूवर उलटे अक्षर व उलटी आकृती कोरण्याचे शिक्षण त्यांना घरातच मिळाले. हुप यांच्या पुढील कार्याचे स्वरूप समजून घेताना ही बाब दुर्लक्षून चालणार नाही. धातूत कोरताना प्रत्येक रेघ निश्चयाने घ्यावी लागते. तिथे खाडाखोड संभवत नाही. त्यांच्या रेखाटनातील ठाम बाह्यरेषा आणि अनावश्यक तपशिलांचा त्याग यांचे मूळ या कौटुंबिक संस्कारात शोधता येते.

ड्युसेलडॉर्फ येथील कलाशिक्षणानंतर १८७० च्या दशकाच्या अखेरीस हुप म्युनिकला आले. बव्हेरियाची ही राजधानी तेव्हा जर्मनीतील उपयोजित कलेचे प्रमुख केंद्र होती. जुन्या जर्मन कारागिरीचा आदर्श समोर ठेवून घरगुती वस्तूंपासून ग्रंथसजावटीपर्यंत सर्वत्र नवे वळण आणण्याचा प्रयत्न तेथील कलावंत करीत होते. या वर्तुळातील रुडॉल्फ झाइट्झ यांचा सहवास हुप यांना लाभला. १८९० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी म्युनिकनजीकच्या श्लाइसहाइम या गावी वास्तव्य हलवले आणि अखेरपर्यंत ते तिथेच राहिले. ३१ जानेवारी १९४९ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या आयुष्यात बव्हेरियातील राजेशाही, १९१८ ची राज्यक्रांती, वायमार प्रजासत्ताक, नाझी राजवट आणि दुसऱ्या महायुद्धानंतरची परकीय सत्ता असे स्थित्यंतराचे पाच टप्पे येऊन गेले. राजसत्तेच्या चिन्हांवर ज्याची उपजीविका आहे, अशा कलावंताच्या दृष्टीने ही स्थित्यंतरे केवळ पार्श्वभूमी नव्हती. बव्हेरियात राजेशाही संपली तेव्हा तिचे राजचिन्हही कालबाह्य झाले आणि १९२३ मध्ये स्वीकारलेले राज्याचे नवे चिन्ह हुप यांनीच रेखाटले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० मध्ये, एडुआर्ड एगे यांनी रेखाटलेले चिन्ह त्याच्या जागी आले.

३. कलावंत म्हणून कार्य

३.१ म्युनिक पंचांग

हुप यांची कीर्ती ज्या कृतीवर मुख्यतः अधिष्ठित आहे, ती ‘म्युन्शेनर कालेंडर’ ही वार्षिक दिनदर्शिका होय. १८८५ पासून १९३६ पर्यंत, म्हणजे सुमारे अर्धशतक, तिच्यासाठी त्यांनी चित्रे काढली. उंच व अरुंद आकाराच्या या दिनदर्शिकेत जर्मन राज्ये, राजघराणी व सरदारघराणी यांची कुलचिन्हे रंगीत स्वरूपात दिली जात आणि त्यांच्या जोडीला त्या घराण्यांविषयी संक्षिप्त माहिती असे. एरवी ग्रंथालयातील जाडजूड खंडांत बंदिस्त असलेला विषय अशा रीतीने भिंतीवर टांगण्याच्या वस्तूतून घरोघरी पोहोचला.

या चित्रांत हुप यांची शैली परिपक्व झालेली दिसते. पंधराव्या शतकाचा उत्तरार्ध व सोळाव्याचा आरंभ, म्हणजे आल्ब्रेख्ट ड्युरर यांच्या आगेमागचा काळ, हा त्यांचा आदर्श होता. आकृती ढालीचा अवकाश पूर्णपणे व्यापते. सिंहाचे पंजे, गरुडाची पिसे, शिरस्त्राणाभोवतीची कापडी झालर यांना जोमदार गती असते. तथापि छायाप्रकाशाचा भास निर्माण करण्याचा मोह टाळलेला असतो. रंग सपाट व निर्भेळ असतात. प्राणी प्राणिसंग्रहालयातल्यासारखा न दिसता चिन्हातला दिसावा, ही मध्ययुगीन दृष्टी त्यांनी पुन्हा प्रस्थापित केली.

३.२ नगरचिन्हे आणि कॉफीची चित्रे

लुडविग रोझेलिउस यांनी १९०६ मध्ये ब्रेमेन येथे कॅफीनविरहित कॉफीचा उद्योग स्थापन केला. ‘काफे हाग’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या कंपनीने १९१३ पासून ग्राहकांना जर्मन नगरांच्या कुलचिन्हांची छोटी रंगीत चित्रे देण्याचा उपक्रम सुरू केला. ही चित्रे हुप यांनी रेखाटली होती. पहिल्या महायुद्धामुळे खंडित झालेला हा उपक्रम १९२० च्या दशकात पुन्हा सुरू झाला. ग्राहक ही चित्रे वहीत चिकटवून संग्रह पूर्ण करीत. इतर युरोपीय देशांतही त्याच धर्तीवर अन्य चित्रकारांकडून मालिका काढण्यात आल्या.

जाहिरातीचे हे साधन कालांतराने संदर्भसाधन ठरले. हजारो नगरांची व गावांची चिन्हे एकाच शैलीत, एकाच आकारात आणि रंगांच्या अचूकतेसह उपलब्ध झाल्याने अभ्यासकांनाही या वह्यांचा आधार घ्यावासा वाटला. व्यापारी प्रेरणेतून निर्माण झालेले साहित्य विद्वत्तेच्या उपयोगी पडू शकते, मात्र ते निर्माण करणारी व्यक्ती अभ्यासू असावी लागते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

३.३ अक्षरकला

कुलचिन्हांखेरीज मुद्रणाक्षरांच्या क्षेत्रातही हुप यांनी मोलाची भर घातली. ‘नॉयडॉइच’, ‘लिटुर्गिश’ आणि ‘उन्त्सियाल’ हे त्यांनी रचलेले टाइप विशेष उल्लेखनीय आहेत. यांपैकी ‘लिटुर्गिश’ हा ओफेनबाख येथील क्लिंगस्पोर या टाइप फाउंड्रीने १९०६ च्या सुमारास बाजारात आणला. धर्मग्रंथांच्या मुद्रणास शोभेल असे मध्ययुगीन हस्तलिखितांचे वळण त्यात साधले आहे. म्युनिकच्या ‘श्पाटेन’ या मद्यनिर्मितिगृहासाठी १८८४ मध्ये त्यांनी तयार केलेले फावड्याचे चिन्हही त्यांच्या संक्षेपशक्तीची साक्ष देते. त्यावरील ‘जी’ व ‘एस’ ही अक्षरे मालक गाब्रिएल झेडलमायर यांच्या नावाची आद्याक्षरे होत. अक्षरांच्या घडणीशी असलेला हा निकटचा परिचय पुढे त्यांच्या सर्वांत वादग्रस्त संशोधनाचा पाया ठरला.

४. संशोधक म्हणून कार्य

४.१ मुद्रांकडे परत

हुप यांचे चित्रकार्य त्यांच्या अभ्यासापासून वेगळे काढता येत नाही. जर्मन नगरे, बाजारगावे व खेडी यांची चिन्हे आणि मुद्रा यांविषयीचा त्यांचा ग्रंथ १८९० च्या दशकापासून खंडशः प्रसिद्ध होऊ लागला. कार्यालयीन व अभिलेखागारातील साधनांच्या आधारे तो सिद्ध केला असल्याचे शीर्षकातच नमूद केलेले आहे. विषयाचा व्याप असा होता की, ही योजना पूर्णत्वास जाऊ शकली नाही. तथापि जे खंड निघाले त्यांनी पद्धतीचा आदर्श घालून दिला.

ही पद्धत थोडक्यात अशी सांगता येईल. एखाद्या नगराचे चिन्ह प्रचारात कसे आहे, यावर विसंबून न राहता त्या नगराच्या उपलब्ध मुद्रा कालानुक्रमाने लावायच्या. सर्वांत जुन्या मुद्रेतील आकृती निश्चित करायची. त्यानंतरच्या प्रत्येक मुद्रेत काय बदलले, तो बदल हेतुपुरस्सर होता की कोरणाऱ्याच्या गैरसमजातून झाला, हे तपासायचे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यास कोरीवकामाचा अनुभव असलेली व्यक्तीच अधिक समर्थ असते. झिजलेल्या मुद्रेवरील आकृती नव्याने कोरताना कारागीर कुठे चुकतो, याची जाण हुप यांना वडिलांच्या कार्यशाळेत मिळालेली होती. दफ्तरातील विद्वानाला जे अनुमानाने शोधावे लागे, ते त्यांना हाताच्या सवयीने उमगत असे.

४.२ रूनवादाचे खंडन

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन भाषिक प्रदेशात कुलचिन्हांविषयी एक नवीच उपपत्ती लोकप्रिय होऊ लागली. व्हिएन्नाचे गिडो फॉन लिस्ट (१८४८–१९१९) हे तिचे प्रवर्तक होत. रून या प्राचीन जर्मानिक लिपीतील अक्षरांत गूढ ज्ञान दडलेले असून, ख्रिस्ती धर्माच्या प्रसारानंतर ते कुलचिन्हांच्या रेघांत व विभागांत लपवून ठेवण्यात आले, असे त्यांचे प्रतिपादन होते. ढालीवरील आडवा पट्टा, तिरकी रेघ किंवा क्रूस हा कोणता रून आहे हे ओळखले की घराण्याचा गुप्त वारसा वाचता येतो, असा दावा केला जाई. बर्नहार्ड क्योर्नर यांच्यासारख्या वंशावळीच्या व कुलचिन्हांच्या क्षेत्रात अधिकार असलेल्या लेखकाने तो उचलून धरल्यामुळे त्याला विद्वत्तेची प्रतिष्ठा लाभू लागली.

हुप यांनी या मताचा जाहीर प्रतिवाद केला. १९१८ पासून त्यांनी ‘विडर डी श्वार्मगाइस्टर’, म्हणजे भ्रमिष्ट उत्साहाने झपाटलेल्यांविरुद्ध, या शीर्षकाखाली पुस्तिका लिहिल्या. त्यानंतर १९२१ मध्ये रून व हाकेनक्रॉइत्स या विषयावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. हाकेनक्रॉइत्स हे स्वस्तिकाकृतीचे जर्मन नाव होय. भारतीय परंपरेतील मांगल्याच्या स्वस्तिकापेक्षा निराळा, वंशवादी अर्थ जर्मनीत त्या काळी या आकृतीला चिकटवला जात होता. म्युनिकमध्येच नाझी पक्षाने १९२० मध्ये ती आपल्या ध्वजावर घेतली होती. म्हणजेच ज्या प्रश्नावर हुप लिहीत होते, तो त्या वेळी निव्वळ पुराणवस्तूंचा प्रश्न राहिलेला नव्हता.

रूनवादातील मूलभूत अडचण कालगणनेची आहे. आजच्या जर्मनीच्या भूप्रदेशातील रून लेख साधारणपणे इसवी सनाच्या सातव्या शतकानंतर आढळेनासे होतात. कुलचिन्हे मात्र बाराव्या शतकात उदयास येतात. मधल्या चार-पाच शतकांत या कथित परंपरेचा दुवा दाखवणारी एकही मुद्रा किंवा दस्तऐवज पुढे करता येत नाही. शिवाय ढाल विभागण्याचे भौमितिक प्रकार मुळातच मर्यादित असल्याने त्यांचे कोणत्याही लिपीतील रेषात्मक अक्षरांशी साम्य दिसणे अपरिहार्य आहे. केवळ आकारसाम्यावरून उगम सिद्ध होत नाही. साम्याला कालक्रमाचा व साधनांचा आधार असावा लागतो, हे तत्त्व या वादात निर्णायक ठरते. कुलचिन्हांच्या उगमाविषयीचे आपले विवेचन हुप यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कुलचिन्हांची कला व विद्या यांवरील ग्रंथातही मांडले. पुढील काळातील संशोधनाने रूनवाद पूर्णतः त्याज्य ठरवला आहे.

५. ‘मिस्साले स्पेसिआले’ : दृष्टीची कसोटी

आकारसाम्याविषयी इतरांना सावध करणाऱ्या या अभ्यासकानेच एका वेगळ्या क्षेत्रात आकाराच्या निरीक्षणावर मोठे अनुमान उभारले होते. हुप यांच्या हाती ‘मिस्साले स्पेसिआले’ या लॅटिन उपासनाग्रंथाची जुनी मुद्रित प्रत आली. तिच्यावर मुद्रकाचे नाव, स्थळ किंवा वर्ष यांपैकी काहीही नव्हते. टाइप रचणाऱ्या कलावंताच्या नजरेने तिचे परीक्षण केल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, या ग्रंथातील टाइप योहान फुस्ट व पीटर शोफर यांनी माइंझ येथे छापलेल्या १४५७ च्या स्तोत्रग्रंथातील लहान टाइपाशी जुळतो. माइंझचा तो स्तोत्रग्रंथ म्हणजे छपाईची तारीख व मुद्रकांची नावे धारण करणारे युरोपातील पहिले पुस्तक होय.

साम्याच्या या निरीक्षणापुढे जाऊन हुप यांनी फरकाकडेही लक्ष वेधले. गुटेनबर्ग यांच्या कार्यशाळेत एकाच अक्षराचे अनेक खिळे पाडले जात. शेजारच्या अक्षराला नीट चिकटून बसावीत म्हणून काही अक्षरांची कडेची टोके छाटलेली पर्यायी रूपे वापरली जात आणि त्यामुळे छापील ओळ हस्तलिखितासारखी एकसंध दिसे. मिस्सालेमध्ये ही पर्यायी रूपे नाहीत. यावरून हुप यांनी असा निष्कर्ष काढला की, हा टाइप अजून अविकसित अवस्थेत आहे. म्हणून तो १४५७ च्या आधीचा असला पाहिजे. इतकेच नव्हे, तर १४५४-५५ च्या सुमारास पूर्ण झालेल्या बेचाळीस-ओळी बायबलच्याही पूर्वीचा असला पाहिजे. हे मत त्यांनी १८९८ मध्ये पुस्तकरूपाने मांडले आणि १९०२ व १९१७ मध्ये पुन्हा लिहून त्याचे समर्थन केले. ते खरे असते तर मिस्साले स्पेसिआले हा गुटेनबर्ग यांच्या हातचा, युरोपातील खिळ्यांनी छापलेला सर्वांत जुना ग्रंथ ठरला असता.

या दाव्यावर अर्धशतकाहून अधिक काळ वाद चालला. समर्थक व विरोधक दोघेही बहुतांशी त्याच पुराव्याचा, म्हणजे अक्षरांच्या रूपाचा, आधार घेत होते. हुप यांच्याकडील प्रत पुढे म्युनिकच्या रोझेनथाल या ग्रंथविक्रेत्यांकडे गेली आणि १९५० च्या दशकात ती न्यूयॉर्कच्या पिअरपाँट मॉर्गन ग्रंथालयात दाखल झाली. त्यामुळे कालनिश्चितीच्या प्रश्नाला नव्याने निकड प्राप्त झाली.

उत्तर मिळाले ते अक्षरांतून नव्हे, तर कागदातून. त्या काळचा हातकागद तारेच्या चाळणीसारख्या साच्यावर तयार होत असे. साच्यावर तारेची एखादी आकृती शिवलेली असे आणि तिचा फिकट ठसा, म्हणजे जलचिन्ह, प्रत्येक तावात उमटे. बैलाचे मस्तक ही आकृती त्यांत विशेष प्रचलित होती. वापरताना ही तार हळूहळू वाकते, तिचे टाके सुटतात व पुन्हा घातले जातात. त्यामुळे एकाच साच्यातील जलचिन्हाचे रूप थोड्या थोड्या अवधीने बदलत जाते. साचा फार काळ टिकत नाही आणि कागद सहसा वर्षानुवर्षे साठवून ठेवला जात नाही. म्हणून एकाच साच्यातील एकाच अवस्थेचे जलचिन्ह दोन पुस्तकांत आढळले आणि त्यांपैकी एकाचे वर्ष ज्ञात असले, तर दुसऱ्याचाही काळ निकट मर्यादेत ठरवता येतो.

या तत्त्वाचा अवलंब करून १९६० च्या दशकात गेरहार्ड पिकार्ड व थेओ गेरार्डी या जर्मन संशोधकांनी आणि अ‍ॅलन स्टीव्हन्सन या अमेरिकन ग्रंथशास्त्रज्ञांनी मिस्सालेच्या कागदाची तपासणी केली. परस्परांहून स्वतंत्रपणे केलेल्या या अभ्यासांचा निष्कर्ष एकच निघाला. हा ग्रंथ १४७३ च्या सुमारास छापला गेला होता. स्टीव्हन्सन यांचा या प्रश्नावरील सविस्तर ग्रंथ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुद्रणाचे स्थळही माइंझ नसून बाझेल असावे, असे आता मानले जाते. तोवर गुटेनबर्ग यांच्या मृत्यूला, म्हणजे १४६८ ला, पाच वर्षे लोटली होती. हुप यांचे निधन १९४९ मध्येच झाले असल्याने हा निर्णय पाहण्यास ते हयात नव्हते.

या प्रकरणाचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. हुप यांचे निरीक्षण चुकलेले नव्हते. मिस्सालेचा टाइप माइंझच्या स्तोत्रग्रंथातील टाइपाशी नाते सांगतो आणि त्यात पर्यायी रूपे नाहीत, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. चूक झाली ती निरीक्षणाला कालक्रमाचा अर्थ देताना. संच अपुरा असणे म्हणजे तो आरंभीचा असणे, असे त्यांनी गृहीत धरले. प्रत्यक्षात मूळ कार्यशाळेबाहेर, दुसऱ्या नगरात, नंतरच्या मुद्रकाच्या हाती पडलेला टाइपही तितकाच अपुरा असू शकतो. साधे रूप आधीचे आणि संपन्न रूप नंतरचे, हा विकासाचा नियम आकर्षक असला तरी सार्वत्रिक नाही. खुद्द कुलचिन्हविद्येचा इतिहास याचे उदाहरण आहे. तेथे तर उत्तरकालीन रूपे पुष्कळदा अवनत झालेली असतात, हे हुप यांनी नगरमुद्रांच्या संदर्भात पुनःपुन्हा दाखवून दिले होते. मुद्रांच्या बाबतीत त्यांच्यापुढे तारीख असलेले दस्तऐवज होते आणि ते त्यांच्या नजरेवर अंकुश ठेवीत. मिस्सालेच्या बाबतीत असा कोणताही बाह्य अंकुश नव्हता. डोळा तोच होता. पडताळणीचे साधन मात्र नव्हते.

६. मूल्यमापन

हुप यांच्या वाट्याला आलेले हे अपयश त्यांच्या एकंदर कार्याला उणेपणा आणणारे आहे काय, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. त्याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागेल. त्यांनी तो प्रश्न उपस्थित केला नसता, तर एका अनामिक उपासनाग्रंथाच्या कागदाकडे इतक्या बारकाईने पाहण्याचे प्रयोजनच उरले नसते. जलचिन्हांच्या साहाय्याने कालनिश्चिती करण्याची आधुनिक पद्धत ज्या प्रकरणांतून कसाला लागली, त्यांत मिस्सालेचे प्रकरण ठळक आहे. चुकीचे परंतु नेमके मांडलेले प्रमेय ज्ञानाला पुढे नेते. अस्पष्ट मांडलेले बरोबर प्रमेय तसे करू शकेलच असे नाही.

याच निकषावर रूनवादी लेखकांमध्ये आणि हुप यांच्यामध्ये असलेला भेद स्पष्ट होतो. गुप्त ज्ञानाचा दावा खोडून काढता येईल असा कोणताही पुरावा रूनवाद्यांनी मान्य केला नसता. कारण पुराव्याचा अभाव हीच त्यांच्या मते गुप्ततेची खूण होती. हुप यांचा दावा मात्र तपासता येण्याजोगा होता, तपासला गेला आणि नाकारला गेला.

मोडी कागदपत्रांचा काळ अक्षराच्या वळणावरून ठरवणाऱ्या महाराष्ट्रातील अभ्यासकांनाही हा अनुभव विचारात घेण्यासारखा वाटेल. शिवकालीन व पेशवेकालीन वळण सरावाच्या नजरेला ओळखू येते, यात शंका नाही. तथापि जुने वळण गिरवणारा उत्तरकालीन लेखनिक असंभवनीय नसतो. अशा वेळी कागद, शिक्का आणि मजकुरातील अंतर्गत निर्देश यांची साक्ष स्वतंत्रपणे घेणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष

१. ओटो हुप यांनी ‘कागदी’ अवस्थेला पोहोचलेल्या जर्मन कुलचिन्हकलेला मध्ययुगीन मुद्रा व उत्तर-गॉथिक रेखाटन यांच्या आधारे नवे जीवन दिले. दिनदर्शिका व कॉफीची चित्रे यांसारख्या लोकमाध्यमांतून त्यांनी ती सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवली.

२. त्यांचे संशोधन त्यांच्या कारागिरीतून उगवले होते. मुद्रेवरील आकृतीतील बदल हेतुपूर्वक झाला की कोरणाऱ्याच्या चुकीने, हे ओळखण्याची त्यांची क्षमता केवळ ग्रंथाभ्यासातून प्राप्त होणारी नव्हती.

३. रूनवादाच्या विरोधात त्यांनी घेतलेली भूमिका ही साधननिष्ठ इतिहासपद्धतीची भूमिका होती. ज्या काळात व ज्या नगराच्या परिसरात ती घेतली गेली, ते पाहता तिचे महत्त्व अधिकच वाढते.

४. मिस्साले स्पेसिआलेविषयीचा त्यांचा दावा असत्य ठरला. मात्र तो निरीक्षणाच्या दोषामुळे नव्हे, तर निरीक्षणाला स्वतंत्र पुराव्याची जोड न मिळाल्यामुळे.

५. सरावलेली दृष्टी हे इतिहासाचे वैध साधन आहे. तिच्यामुळे प्रश्न सुचतात, साम्ये व भेद लक्षात येतात. तथापि कालनिश्चितीचा अंतिम निर्णय तिच्यावर एकटीवर सोपवता येत नाही.

मिस्सालेचा वाद मिटवणारे बैलाचे मस्तक हेदेखील एक चिन्हच होते. ते कुणा सरदाराचे नव्हते, नगराचेही नव्हते. कागद करणाऱ्या अनाम कारागिराने आपल्या साच्यावर तारेने शिवलेली ती खूण होती. मुद्रांवरील झिजलेल्या रेघांतून कारागिराचा हात ओळखण्याची जी शिकवण हुप यांनी आपल्या नगरचिन्हविषयक ग्रंथातून दिली, तिच्याच मार्गाने जाऊन पुढील पिढीने त्यांचा निष्कर्ष दुरुस्त केला.